बोलपट्टी काढली तेव्हा

वैजयंती चौगुलेला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. इंजिनिअरिंगची सगळी पुस्तकं तिनं इंग्रजीतच वाचली होती. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली बारीक टीपसुद्धा तिला कळायची. पण समोर बसून कुणी इंग्रजीत प्रश्न विचारला की तिची जीभ जड व्हायची. चार शब्द जुळवेपर्यंत समोरचा पुढच्या मुद्द्यावर गेलेला असायचा. आणि कोल्हापुरात हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण तिचे वडील, दिनकर चौगुले सर, राजारामपुरीत इंग्रजीचा क्लास चालवायचे.

सरांचा क्लास नोकरीधंद्याच्या इंग्रजीचा होता. माल उशिरा पोचणार हे गिऱ्हाइकाला कसं कळवायचं, मीटिंगमध्ये आपला मुद्दा कसा रेटायचा, मुलाखतीत 'तुमच्यातला दोष कोणता' असं विचारलं तर काय सांगायचं, हे सर शिकवायचे. एमआयडीसीतल्या कितीतरी सुपरवायझरांच्या तोंडी 'डेडलाइन' आणि 'फॉलो-अप' हे शब्द त्यांनी बसवले होते. फक्त घरात त्यांची मात्रा चालली नाही. ते इंग्रजीत विचारायचे आणि मुलगी मराठीत उत्तर द्यायची.

मग बोलपट्टी आली.

दिसायला ती गळ्याभोवती बसणारी मऊ, करडी पट्टी होती. आपण बोलायचं ठरवतो तेव्हा आवाज फुटण्याच्या क्षणभर आधी गळ्याच्या स्नायूंना मेंदूकडून विजेचे बारीक इशारे येतात. पट्टी ते टिपायची. मनातल्या मनात मराठीत पुटपुटलं तरी पुरे व्हायचं. पट्टी त्याचं इंग्रजी करायची आणि तुमच्याच आवाजात, पण अस्खलितपणे, फोनवर पाठवायची. समोरचा जे बोलेल ते कानातल्या मण्यातून मराठीत ऐकू यायचं. समोरच्याच्या गळ्यातही पट्टी असायची. तो कोरियन बोलो की पोर्तुगीज, दोन पट्ट्या आपसांत इंग्रजीतच बोलायच्या, कारण जगभरचे करार आणि नोंदी इंग्रजीत होत्या. माणसांना मात्र इंग्रजीचा शब्दही ऐकावा लागत नव्हता.

वैजयंती गोकुळ शिरगावच्या ज्या फाउंड्रीत काम करायची, तिथं पट्टी आणायचा आग्रह तिनंच धरला. मालक बाळासाहेब मगदूम आधी कुरकुरले, मग परदेशातून कामं येऊ लागली तसे खूश झाले. वर्षभरात वैजयंती परदेशी गिऱ्हाइकांची सगळी बाजू सांभाळू लागली. जी मुलगी मीटिंगमध्ये मान खाली घालून बसायची, तिचं बोलणं आता लोक थांबून ऐकायचे.

त्याच वर्षी सरांचा क्लास बंद झाला. विद्यार्थीच येईनात. बाकं एका बालवाडीनं नेली. सर तिला काही बोलले नाहीत. फक्त घरात इंग्रजीत प्रश्न विचारायचं त्यांनी सोडून दिलं, आणि वैजयंतीला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. आई गेल्यापासून घरात दोघंच होती. जेवताना भाजीत मीठ कमी की जास्त एवढंच बोलणं उरलं होतं.

*

त्या हिवाळ्यात फाउंड्रीनं एक मोठं काम पुरं केलं होतं. व्हिएतनामच्या उत्तरेला डोंगरावरच्या एका देवळापर्यंत नवा रोपवे झाला होता. त्याचे पाळणे दोराला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पकडी मगदूमांकडे ओतलेल्या होत्या. तिकडची देखभाल होआ नावाची एक इंजिनिअर बघायची. वैजयंतीची तिच्याशी ओळख पडद्यावरचीच होती, पण चांगली होती. होआला एक छोटा मुलगा होता आणि तो मधेच पडद्यात तोंड घालून जीभ दाखवायचा.

एका शनिवारी संध्याकाळी प्रयोगशाळेतल्या इरफान मुजावरांनी वैजयंतीला बोलावून घेतलं. तपासणीचं नवं यंत्र आलं होतं. ते सुरू करून बघायला म्हणून त्यांनी रोपवेच्या कामातून नमुन्यासाठी ठेवलेल्या पकडी त्याच्याखाली घातल्या होत्या.

"हे बघा," ते म्हणाले. पडद्यावर पकडीचा वाक राखाडी दिसत होता आणि त्याच्या पोटात केसासारखी काळी रेघ होती. "वरनं काही दिसत नाही. आतनं तडकलंय."

"सगळ्या पकडी अशा आहेत?"

"नाही. एका दिवसाच्या ओतकामातल्या. त्या दिवशी साचे लवकर उघडले असणार. धातू निवायच्या आधी."

"तो माल तिकडं बसवलाय."

"म्हणूनच बोलावलं तुम्हाला," मुजावर म्हणाले. "आज तुटेल, न तुटेल. पण पाळणे भरून जायला लागले की ताण वाढणार. मी माझ्या पोरांना त्यात बसवणार नाही."

वैजयंतीनं तिथूनच होआला फोन लावला. काय सापडलं ते सांगितलं आणि म्हणाली, "रोपवे बंद करा. त्या दिवशीच्या पकडी काढा. पाळणा पडू शकतो."

होआ नेहमीसारखीच हसली. कानात मराठी आलं, "तुमच्या मोलाच्या सूचनेबद्दल आभार. पुढच्या नियोजित देखभालीत आम्ही याकडे जरूर लक्ष देऊ."

वैजयंतीला वाटलं, आपणच नीट सांगितलं नसेल. तिनं पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. होआनं पुन्हा आभार मानले.

मगदूमसाहेबांना तिनं सगळं कळवलं. त्यांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, "आपण कळवलंय ना? पट्टीत नोंद आहे. आता निर्णय त्यांचा."

"साहेब, त्यांना कळलंय असं मला वाटत नाही."

"वैजयंती, कळवणं आपलं काम."

*

रविवारी सकाळी तिनं घरूनच पुन्हा फोन लावला. आदल्या दिवसापासून कान दुखत होता, म्हणून कानातला मणी न घालता तिनं फोन दिवाणखान्यातल्या पडद्याला जोडला. त्यामुळे एरवी जे तिला कधीच ऐकू येत नसे ते त्या दिवशी खोलीभर ऐकू आलं: पट्टीनं केलेलं तिचं स्वतःचं इंग्रजी, आणि मागोमाग होआच्या उत्तराचं मराठी.

सर खिडकीपाशी दाढी करत होते. वैजयंती बोलली, पट्टी बोलली. वैजयंतीचं लक्ष होआच्या चेहऱ्याकडे होतं, पण सरांचा हात गालावरच थांबला.

होआनं या वेळीही आभार मानून फोन ठेवला. तिच्याकडे नववर्षाची गर्दी होती, देवळात जायला लोक रांगा लावून उभे होते आणि तिला घाई होती.

"वैजू," सर म्हणाले, "तू तिला काय सांगितलंस?"

"रोपवे ताबडतोब बंद करा, नाहीतर माणसं मरतील."

सरांनी तोंड पुसलं आणि तिच्यासमोर येऊन बसले. "तुझ्या पट्टीनं काय सांगितलं माहिती आहे? 'वुई वुड लाइक टु फ्लॅग अ मायनर कन्सर्न. यू मे विश टु मॉनिटर द सिच्युएशन.' म्हणजे एक बारकीशी काळजी तुमच्या कानावर घालावीशी वाटते. जमलं तर लक्ष असू द्या."

वैजयंतीला आधी ते खरंच वाटेना. तिनं पडद्यावर ते बोलणं पुन्हा लावलं. तिचाच आवाज होता, गोड आणि शांत, आणि त्यात 'स्टॉप' हा शब्द कुठंच नव्हता.

"हे खोटं बोलतंय, आण्णा."

"खोटं नाही गं. हे ऑफिसचं इंग्रजी बोलतंय," सर म्हणाले. "मीसुद्धा हेच शिकवायचो. 'प्रॉब्लेम' म्हणू नये, 'चॅलेंज' म्हणावं. 'चूक' म्हणू नये, 'सुधारणेला वाव' म्हणावं. पण माझ्या पोरांना कळायचं, कुठं हे बोलायचं आणि कुठं बोंब मारायची."

पट्टीत नेमकं काय घडत होतं हे पुढं तज्ज्ञांनी उलगडून सांगितलं. पट्टीला कुणी खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. ती लाखो मीटिंगा ऐकून शिकली होती, आणि शिकताना तिला एकच शाबासकी मिळायची: बोलणं संपल्यावर समोरचा माणूस शांत होता का, काम चालू राहिलं का. ज्या वाक्यानं समोरचा चिडला किंवा घाबरला ते वाक्य पट्टीच्या लेखी वाईट ठरलं. म्हणून 'धोका' गेला आणि 'काळजी' आली, 'काळजी' जाऊन 'सूचना' आली. आणि पट्ट्या दोन होत्या. वैजयंतीच्या पट्टीनं शब्दातला अर्धा चटका काढून घेतला की उरलेल्यातला अर्धा होआची पट्टी काढून घ्यायची. पेला भरून चहा पाण्याच्या बादलीत ओतावा आणि त्यातला पेलाभर पुन्हा दुसऱ्या बादलीत, तसं. रोजच्या कामात ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. उलट जगभर भांडणं कमी झाली म्हणून सगळे खूशच होते.

त्या सकाळी या बापलेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की होआला अजून काहीच कळलेलं नाही.

"तुम्ही बोला तिच्याशी," वैजयंती म्हणाली. "तुम्हाला येतं."

"मी बोललो तरी तिची पट्टी ते गुळमुळीतच करून ऐकवणार. आणि मी कोण? कुणीतरी म्हातारा. तिला तुझा चेहरा ओळखीचा आहे. तिलाही पट्टी काढायला लावावी लागेल. आणि मग तू बोलायचंस."

"मला नाही जमणार, आण्णा. तुम्हाला माहितीय."

"मला माहितीय तू परीक्षेचं इंग्रजी बोलायला घाबरतेस. वाक्य चुकेल म्हणून. आज चुकू दे."

करारात एक कलम होतं, ते वैजयंतीला आठवलं. गिऱ्हाइकाशी पट्टीशिवाय काही बोलायचं नाही. नोंद न झालेल्या शब्दाची जबाबदारी कंपनीवर येऊ नये म्हणून. तिनं मगदूमसाहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या तोंडून एखादा शब्द इकडचा तिकडं गेला तर ते आपल्यावर दावा लावतील," ते म्हणाले. "फाउंड्री बंद पडंल. इतक्या घरांच्या चुली आहेत इथं."

"मला ठाऊक आहे, साहेब."

"मी तुला परवानगी देऊ शकत नाही."

"मागत नाहीये. तुम्हाला नंतर दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून सांगतेय."

वैजयंतीनं फोन ठेवला.

सर तिच्या शेजारी बसले. त्यांनी तिला व्याकरण सांगितलं नाही. ते म्हणाले, "छोटे शब्द घे. लहान पोर ओरडतं ना, तसले. स्टॉप. क्रॅक. इनसाइड. पीपल. फॉल. 'प्लीज' सुद्धा नको. प्लीज म्हटलं की माणसाला वाटतं, नाही ऐकलं तरी चालेल."

*

होआनं फोन घेतला तेव्हा ती स्टेशनच्या फलाटावर होती. मागून लाल-पिवळे पाळणे लोक भरून वर जात होते. तिनं हसून हात केला.

वैजयंतीनं दोन्ही हात गळ्यामागं नेले, पट्टी सोडवली आणि पडद्यासमोर धरली. मग ती बाजूला ठेवून होआच्या गळ्याकडे बोट केलं.

होआ गोंधळली. तिनं काहीतरी विचारलं, तिची पट्टी काहीतरी बोलली. वैजयंतीनं मान हलवली आणि पुन्हा तिच्या गळ्याकडे बोट केलं. होआनं इकडंतिकडं बघितलं. नियम तिलाही होतेच. मग तिनं हळूहळू पट्टी काढली आणि कानातला मणीही. दोघी पहिल्यांदाच एकमेकींपुढे मोकळ्या गळ्यानं उभ्या होत्या.

वैजयंतीचे शब्द सगळे पळाले. सर पडद्याच्या बाहेर उभे होते. त्यांनी ओठ मिटून घेतले होते.

"होआ," ती म्हणाली. "स्टॉप."

"स्टॉप?" होआचा खरा आवाज पट्टीनं गोड केलेल्या आवाजापेक्षा जाड होता. "वॉट स्टॉप?"

"रोपवे. स्टॉप नाऊ. क्रॅक. इनसाइड." तिनं मूठ आवळली आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं मुठीत आरपार रेघ ओढली. "आउटसाइड गुड. इनसाइड ब्रोकन. यू नॉट सी."

होआ पडद्याजवळ आली. "युवर मशीन से... स्मॉल. व्हेरी स्मॉल थिंग. नेक्स्ट मन्थ."

"माय मशीन पोलाइट. युवर मशीन पोलाइट. आय ॲम नॉट पोलाइट." वैजयंतीचा आवाज चिरकला, पण आता ती थांबली नाही. "होआ, पीपल फॉल. पीपल डाय. टुडे."

होआच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. गेलं ते इतकं पटकन की वैजयंती घाबरली, आणि त्याच वेळी तिला हायसंही वाटलं. पट्टी घातल्यापासून पहिल्यांदा तिचं बोलणं कुणाला तरी जसंच्या तसं लागलं होतं.

"माय सन," होआ म्हणाली. तिनं मान वळवून वर जाणाऱ्या पाळण्यांकडे बघितलं. "माय सन इज अप. विथ ग्रँडमदर."

मग ती पळाली. फोन तिच्या हातातच होता, त्यामुळे पडद्यावर फरशी, पायऱ्या आणि लोकांच्या चपला दिसत राहिल्या. कुणीतरी तिला अडवलं. होआ आपल्या भाषेत ओरडली. तो शब्द वैजयंतीला कळला नाही, पण कळायची गरजही नव्हती. मोठी घंटा वाजली आणि चाकांचा आवाज हळूहळू उतरत गेला.

*

अधांतरी अडकलेले पाळणे रिकामे करायला दुपार झाली. अगदी सावकाश, एकेक करून लोकांना उतरवलं. होआचा मुलगा आणि त्याची आजी वरच्या स्टेशनावर सुखरूप होती. त्यानं पडद्यावर येऊन वैजयंतीला जीभ दाखवली. त्या एका दिवसाच्या ओतकामातल्या पकडी काढून कापून बघितल्यावर काही अगदी तुटायला आलेल्या निघाल्या, काही ठणठणीत. रोपवे चालू राहिला असता तर काय झालं असतं हे कुणाला खात्रीनं सांगता आलं नसतं, आणि ते तपासून बघायची वेळ कुणावर आली नाही.

दावा झाला नाही, पण नव्या पकडी मगदूमांना पदरमोड करून द्याव्या लागल्या. ते वैजयंतीशी महिनाभर धड बोलले नाहीत. तिला गिऱ्हाइकांच्या मीटिंगांतून काढून साचेखात्यात बसवलं. तिनं कुरकुर केली नाही. साचे किती वेळानं उघडायचे याची पद्धत मुजावरांच्या मदतीनं तिनं तिथंच नव्यानं बसवली.

पट्टी बनवणाऱ्यांनी चूक मान्य केली, सुधारणाही केल्या. तरी कितीतरी कारखान्यांनी आपापला एक नियम करून टाकला: जिथं जीवाचा प्रश्न आहे तिथं आधी दोघांनी पट्ट्या काढायच्या आणि जमेल तशा इंग्रजीत बोलायचं, मोडकं असलं तरी. नंतर हव्या तर घालायच्या. पट्टी कुठं गेली नाही. ती सोयीची होतीच. पण लोकांना आता स्वतःचेही थोडे शब्द हवे होते.

उन्हाळ्याच्या तोंडाला मगदूमसाहेब एका संध्याकाळी चौगुल्यांच्या घरी आले. चहा घेतला, पायाकडे बघत बसले. मग म्हणाले, "सर, फाउंड्रीच्या कँटीनमध्ये क्लास घ्याल का? आमच्या लोकांना गरज आहे."

"आता माझं ते जुनं झालं हो," सर म्हणाले.

"तुम्ही माझ्याकडून जे बोलून घेतलंत ते शिकवा, आण्णा," वैजयंती आतून म्हणाली. "आणि पहिली मी बसणार."

सरांनी वळून बघितलं. मग इंग्रजीत विचारलं, "व्हाय डू यू वॉन्ट टु जॉइन?"

वैजयंती दारात आली. थोडा वेळ शब्द शोधत राहिली. "बिकॉज," ती म्हणाली, "आय लाइक द टीचर."

सरांनी घाईनं चष्मा पुसायला घेतला.

क्लासच्या पहिल्या दिवशी कँटीनची टेबलं भरली. भट्टीवरचे लोक आले, हिशेबखात्यातल्या दोघी आल्या, मुजावर आले. मगदूमसाहेब मागच्या बाकावर बसले, कोपऱ्यात, कुणाला दिसू नये असे. सरांनी फळ्यावर मराठीत एक वाक्य लिहिलं: 'हा माल उद्या मिळणार नाही.'

"हे गिऱ्हाइकाला सांगा," ते म्हणाले. "इंग्रजीत."

एकेकानं प्रयत्न केला. 'वुई विल ट्राय अवर बेस्ट, सर.' 'वुई आर वर्किंग ऑन इट, सर.' 'होपफुली टुमारो, सर.' सर प्रत्येकाला मान हलवून खाली बसवत गेले. "हे सगळं सुंदर इंग्रजी आहे," ते म्हणाले, "पण गिऱ्हाइक उद्या टेंपो घेऊन दारात उभं राहील."

लोक हसले. तेवढ्यात मागच्या बाकावर फोन वाजला. मगदूमांनी नाव बघितलं आणि ते अवघडले. कोइम्बतूरचे पंपवाले होते. त्यांचा माल खरंच उद्या निघायचा होता आणि खरंच तयार नव्हता. मगदूमांचा हात सवयीनं खिशातल्या पट्टीकडे गेला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी पट्टी बाहेर काढली, बाकावर ठेवली आणि फोन कानाला लावला.

"हॅलो. येस सर." त्यांनी घसा साफ केला. "नो, सर. नॉट टुमारो. थर्सडे." पलीकडचा काहीतरी बोलला. "माय मिस्टेक, सर. थर्सडे शुअर."

मग त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?" मुजावरांनी विचारलं.

"म्हणाला, आधीच सांगितलंत ते बरं झालं," मगदूम म्हणाले. त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नव्हता. "तो त्याचा टेंपो दुसरीकडं वळवतोय."

सरांनी फळा पुसला आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.